गिऱ्हाईकाशी भांडू नका, दोन्ही करून दाखवा

कर्जत-खालापूरकडे घरबसल्या काम म्हटलं की पूर्वी ठरलेली यादी असायची. शिकवण्या, शिवणकाम, पापड-कुरडया, फार तर विम्याची एजन्सी. आता त्या यादीत एका नव्या कामाची भर पडली आहे, वेबसाइट बनवण्याची. त्याला कारणही तसंच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि शहरातली माणसं शनिवार-रविवारी इकडे वळायला लागली. उल्हास नदीच्या, पेज नदीच्या काठाने फार्महाउस उभी राहिली, होमस्टे निघाले, तंबू ठोकून कॅम्प सुरू झाले. खालापूर तालुक्यात महडच्या वरदविनायकाला येणारे भाविक होतेच, त्यात २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं. आता ज्याच्याकडे दोन खोल्या आणि एक आंब्याचं झाड आहे त्यालाही वेबसाइट हवी असते. मुंबईच्या कंपनीचा खर्च परवडत नाही. मग कोणीतरी सांगतं, अमक्यांच्या सुनेला कॉम्प्युटरचं येतं, तिला विचारा.

ही सून, किंवा ही लेक, बहुधा बी.कॉम. नाहीतर बी.सी.ए. झालेली असते. कोर्स केलेला असतो, हात चांगला असतो. काम तिला जड जात नाही. जड जातं ते गिऱ्हाईक.

"लोगो अजून मोठा करा." "भाच्याला दाखवलं, त्याला नाही आवडलं." "तो लाल आहे ना, तो जरा अजून लाल हवा." "काहीतरी कमी वाटतंय बघा, काय ते सांगता येत नाही." दुकानात साडी दाखवणाऱ्याला या बोलण्याची सवय असते. पण तिथे निदान गिऱ्हाईक उठून गेलं की साड्या परत घडी करून ठेवता येतात. इथे केलेलं काम पुसून नव्याने करायचं, आणि ते 'छोटासाच बदल' म्हणून फुकट.

आणि बाई घरून काम करत असली की त्यात आणखी एक भर असते. फोनवर समोरचा विचारतो, "साहेब आहेत का घरात? त्यांच्याशी बोलतो." साहेब बिचारे कारखान्यात शिफ्टला गेलेले असतात आणि त्यांना फॉन्ट म्हणजे काय तेही माहीत नसतं. पण तिचं म्हणणं हे 'मत' आणि त्यांचं म्हणणं हा 'निर्णय', असं गिऱ्हाईकाने आधीच ठरवलेलं असतं. मैत्रिणींनो, खरी अडचण आहे ती इथे. रंग लाल की निळा हा प्रश्न बाजूलाच राहतो, कोणाच्या शब्दाला वजन आहे यावर सगळं अडतं. आणि जिच्या शब्दाला वजन दिलं जात नाही, तिने वाद घालून काय साधणार? आवाज चढवला तर उद्धट ठरते, गप्प बसली तर रात्री दोनपर्यंत बदल करत बसते.

खोपोलीतल्या एका मुलीने यातून वाट काढली, ती मला फार आवडली. बचत गटाच्या कामामुळे आमची ओळख. कर्जतजवळच्या एका फार्महाउसचं काम तिच्याकडे आलं होतं. मालकांचं म्हणणं, वेबसाइट उघडली की आधी सात-आठ फोटो फिरले पाहिजेत, मागे बासरी वाजली पाहिजे आणि वरच्या बाजूला त्यांच्या सत्काराचा, मान्यवरांबरोबरचा फोटो हवाच. तिचं म्हणणं, मोबाइलवर बघणाऱ्या माणसाला पहिल्याच नजरेत तीन गोष्टी दिसायला हव्यात: दर काय, कर्जत स्टेशनवरून यायचं कसं, आणि फोन कुठे करायचा. तीन आठवडे हेच चाललं. शेवटी मालक म्हणाले, "ताई, तुम्ही घरात बसता. पाहुण्यांचं आम्हाला कळतं."

तिने वाद सोडून दिला आणि म्हणाली, "काका, तुमचं पान करते, माझंही करते. दोन्ही महिनाभर लावू. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तुमचं दिसेल, निम्म्यांना माझं. ज्या पानावरून जास्त लोक चौकशी करतील ते ठेवायचं. कबूल?" मालक हसून कबूल म्हणाले, कारण आपणच जिंकणार याची त्यांना खात्री होती. तिलाही होती.

हे काही तिने शोधून काढलेलं नाही. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला तर ही रीत मुळीच नवी नाही. कर्जतला भाताचं संशोधन करणारं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही बियाणी ज्यांच्या घरात पेरली जातात त्यांना वेगळं सांगायला नको. भाताची नवी जात चांगली की जुनी, हे तिथे कोणाच्या सांगण्यावरून ठरत नाही. शेताचे लहान लहान तुकडे पाडतात, दोन्ही जाती लावतात, आणि कुठल्या तुकड्यात कुठली जात हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवतात. का? तर बांधालगतच्या तुकड्याला पाणी जास्त मिळतं, कडेच्या तुकड्यावर झाडाची सावली पडते. आवडती जात मुद्दाम चांगल्या जमिनीत लावली तर ती जिंकणारच, त्यात काय मोठंसं! आपल्या नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी-चिखलणीशिवाय गादीवाफ्यावर भात घेण्याची एसआरटी पद्धत विकसित केली. "चिखलणीशिवाय भात?" असं म्हणणाऱ्याला भाषण देऊन पटत नाही. तो आपल्या एका कोपऱ्यात लावून बघतो आणि शेजारच्या खाचराशी ताडून पाहतो.

या पद्धतीला शास्त्राची बैठक दिली रोनाल्ड फिशर या इंग्रज संशोधकाने, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात. तिथली एक गोष्ट आपल्या पानावर सांगायलाच हवी, कारण ती एका बाईची आणि चहाची आहे. १९२० च्या दशकात फिशरने एकदा म्युरियल ब्रिस्टल या सहकारी शास्त्रज्ञ बाईंना चहा दिला. त्यांनी तो नाकारला. म्हणाल्या, कपात आधी दूध आणि मग चहा ओतलेला मला आवडतो, तुम्ही उलटं केलंत. फिशर म्हणाला, काय फरक पडतो? त्या म्हणाल्या, मला चवीवरून कळतं. आपल्याकडे असतं तर "बाईसाहेबांचे नखरे" म्हणून विषय संपला असता. तिथे आठ कप मांडले गेले, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, क्रम लावलेला कसाही. नुसत्या अंदाजाने आठही कप बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. बाईंनी सगळे बरोबर ओळखले असं सांगतात. फिशरने १९३५ च्या आपल्या पुस्तकात चहाचा हा प्रयोगच उदाहरण म्हणून घेतला. (दूध, साखर, आलं सगळं एकत्र उकळणाऱ्या आपल्यासारख्यांचं तिथे काय झालं असतं, देव जाणे.) पुढे हे शेतीचं संख्याशास्त्र भारतात शिकवलं गेलं ते पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकातून. त्यातले पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

वेबसाइटवर ही युक्ती किती मोठ्या माणसांनी वापरली त्याचं गाजलेलं उदाहरण बराक ओबामांचं. राष्ट्राध्यक्षपदाच्या २००८ च्या निवडणुकीआधी त्यांच्या वेबसाइटचं पहिलं पान कसं असावं यावर प्रचाराच्या लोकांत मतभेद होते. बहुतेकांना वाटत होतं की ओबामांच्या भाषणाचा व्हिडिओच हवा. डॅन सिरोकर या तरुणाने बटणावरचे चार मजकूर आणि सहा चित्रं-व्हिडिओ घेऊन चोवीस प्रकारची पानं केली आणि तीन लाखांहून जास्त लोकांना ती वाटून दाखवली. निकाल काय लागला? सगळे व्हिडिओ फोटोंच्या मागे पडले. जिंकला तो बायको-मुलींबरोबरचा घरगुती फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' असं साधं बटण. आधीच्या पानावर शंभरातले सव्वाआठ लोक नाव नोंदवत होते, ते साडेअकरांच्या वर गेले. इतक्या हुशार माणसांचा अंदाज चुकतो, तर फार्महाउसच्या काकांचा चुकला म्हणून त्यांना हसायचं कारण नाही. आणि आपला चुकला म्हणून रडायचंही नाही.

आता ही चाचणी करायची कशी, ते जरा नीट सांगते, कारण घाईत केली तर सगळा खेळ फसतो.

दोन्ही पानं एकाच वेळी लावायची. या आठवड्यात त्यांचं, पुढच्या आठवड्यात आपलं, असं करू नका. एका आठवड्यात पंधरा ऑगस्टची जोडून सुट्टी आली, किंवा धबधब्यांवर बंदीचा आदेश निघाला, तर चौकशा वाढतील नाहीतर घटतील, आणि श्रेय किंवा दोष भलत्याच पानाला जाईल. बांधाजवळच्या तुकड्यासारखंच आहे हे. येणाऱ्या माणसाला कुठलं पान दिसावं हे कॉम्प्युटरने चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, आणि तोच माणूस त्याच मोबाइलवरून परत आला तर त्याला तेच पान दिसावं. त्यासाठी तयार साधनं मिळतात. जुन्या माहितीत 'गूगल ऑप्टिमाइझ' हे नाव सापडेल, पण ते सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालं, त्याच्या मागे लागू नका. मोजायला तर खोपोलीच्या मुलीने फारच सोपी युक्ती केली. व्हॉट्सअॅपच्या बटणात मजकूर आधीच भरून ठेवता येतो. एका पानावरच्या बटणात तिने "खोलीच्या दराची चौकशी करायची आहे" असं लिहिलं, दुसऱ्यावर "बुकिंगची माहिती हवी आहे". निरोप कुठल्या पानावरून आला हे मालकांना स्वतःच्या मोबाइलवर दिसत होतं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही. मला वाटतं सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच होती.

काय मोजायचं आणि किती दिवस, हे सुरू करण्याआधी लिहून घ्यायचं. तोंडी नको. नाहीतर निकाल विरुद्ध गेला की गिऱ्हाईक म्हणतं, "चौकशा राहू द्या हो, पान दिसायला कोणतं भारदस्त आहे ते बघा." आणि चार दिवसांत आपलं पुढे आहे असं दिसलं की लगेच "बघा, मी म्हटलं होतं" म्हणून चाचणी थांबवायचा मोह आपल्यालाही होतो. भात पोटरीत असताना कोणी उत्पन्न मोजत नाही.

मोजायचं काय, हेही जपून ठरवा. नुसत्या चौकशा मोजल्या तर गंमत होते. दर लपवला की चौकशा वाढतात, कारण प्रत्येकाला दर विचारण्यासाठी निरोप धाडावा लागतो. पण दर ऐकून निम्मे गप्प होतात. म्हणून तिने दोन आकडे ठेवले होते, चौकशा किती आणि त्यातले खरोखर आले किती.

निकालाचं सांगायचं तर पहिल्या फेरीत तिचं पान पुढे गेलं. बासरी आणि फिरते फोटो गेले. सत्काराचा फोटो मात्र ठेवला, 'आमच्याविषयी' या पानावर, मानाने. दुसऱ्या फेरीत प्रश्न होता पहिला फोटो कोणता. तिला पोहण्याच्या तलावाचा हवा होता, कारण आजूबाजूच्या सगळ्यांनी तोच लावलाय. काकांना हवी होती चुलीवर फुगलेली तांदळाची भाकरी. जिंकली भाकरी, तीही चांगल्या फरकाने. काकांनी तिला पेढे पाठवले. त्यानंतर त्यांनी "साहेब आहेत का" असं विचारणं बंद केलं. ती एकदा जिंकली म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. हरल्यावर तिने मुकाट्याने तलाव काढून भाकरी लावली, ते त्यांनी पाहिलं होतं. चाचणी ही गिऱ्हाईकाचं तोंड बंद करायची काठी म्हणून वापरायची असेल तर न केलेलीच बरी. हरायची तयारी असेल तरच हा डाव मांडावा.

आता याच्या मर्यादा. ओबामांकडे लाखांनी माणसं होती. कर्जतच्या एका होमस्टेच्या वेबसाइटवर दिवसाला किती येणार? महिनाभरात एका पानावरून नऊ निरोप आले आणि दुसऱ्यावरून सहा, तर नऊवालं जिंकलं असं म्हणता येत नाही. नाणं पंधरा वेळा उडवून बघा, नऊ छापे आणि सहा काटे कितीदा तरी पडतील. त्यात नाण्याची काही करामत नसते. अशा वेळी सरळ सांगावं, "काका, फरक दिसत नाही, तुम्हाला आवडतं ते ठेवू." यानेही वाद मिटतो. ज्याने फरकच पडत नाही त्यासाठी रात्र जागवायची कशाला?

येणारे कमी असतील तर दुसरा मार्ग आहे, आणि आपल्या गावांना तोच जास्त मानवतो. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली लिहिलं होतं की पाच माणसांसमोर वेबसाइट ठेवली तरी तिच्यातल्या बहुतेक अडचणी उघड्या पडतात. आपल्याला पाच माणसं मिळत नाहीत का? कर्जत लोकलमध्ये शेजारी बसणारी बाई, कॉलेजातला पुतण्या, चष्मा लावून मोबाइल बघणारे सासरे. हातात मोबाइल द्यायचा, म्हणायचं, "इथे दोन खोल्या बुक करायच्या आहेत, करा बरं." आणि आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार कठीण असतं! गिऱ्हाईकालाही शेजारी बसवा. आपण दहा वेळा सांगितलेलं जे त्याला पटत नाही, ते सासरे फोन नंबर शोधत पान वर-खाली करायला लागले की आपोआप पटतं. अर्थात यातून माणसं कुठे अडखळतात ते कळतं. दोन फोटोंपैकी जास्त आवडीचा कोणता, हे पाच जणांवरून ठरवू नये.

आणि सगळ्याच गोष्टी चाचणीला लावायच्या नसतात. डग्लस बोमन या नामांकित डिझायनरने २००९ मध्ये गूगलची नोकरी सोडली, तेव्हा त्याने लिहिलं होतं की दोन निळ्या रंगांत निर्णय होईना म्हणून तिथे मधल्या एक्केचाळीस छटा तपासल्या जात होत्या. इतकं झालं की कारागिराच्या हाताला किंमत उरत नाही. ज्यावरून पैशाचा फरक पडेल असं वाटतं तेवढंच तपासावं, बाकी आपल्या शिक्षणावर सोडावं.

खोटेपणा तर चाचणीत जिंकला तरी घेऊ नये. जुलैतला कोसळता धबधबा, हिरवागार डोंगर असा फोटो लावला तर एप्रिलमध्येही चौकशा वाढतील, यात शंकाच नाही. पण एप्रिलमध्ये आलेल्या कुटुंबाला करडे डोंगर आणि कोरडा ओढा दिसला की ते परत येणार नाही, आणि चार ठिकाणी सांगेल. ते नुकसान एका महिन्याच्या मोजणीत दिसत नाही. 'नदीकाठी' म्हणून लिहायचं आणि नदी अर्धा तास चालून, हा प्रकार तर आपल्याकडे सर्रास आहे. अशा वेळी मुलींनी स्पष्ट नाही म्हणावं.

राहिला पैशाचा विषय. दोन पानं करायची म्हणजे काम जास्त, ते फुकट का करायचं? खोपोलीची मुलगी आता कोटेशनमध्येच लिहिते: दोन बदल दरात धरलेले, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, आणि मतभेद झाला तर एक चाचणी, तिची रक्कम अमुक. निम्मे पैसे आधी. असं लिहिलेलं असलं की 'अजून लाल' करायला सांगणारा माणूस आपोआप विचार करून बोलतो. चाचणी हा तिच्या धंद्यातला एक पदार्थच झालाय म्हणा ना, ताटाबरोबर फुकट येणारी चटणी नव्हे.

तरीही पैसे बुडवणारे असतातच. त्यांच्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा माहीत असू द्या. घरून वेबसाइट करणारी बाईसुद्धा त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. मग काम घेणाऱ्या व्यावसायिकाने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ही 'उद्यम' नोंदणी २०२० पासून आहे. तिला आधार आणि पॅन लागतं, पैसे लागत नाहीत. कोणी एजंट हजार-पाचशे मागत असेल तर देऊ नका, आणि काम हातात घेण्याच्या आधी नोंदणी करून ठेवा. पैसे अडकल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.